२ मीटर बँडसाठी तीन एलिमेंटचा यागी: सळई कापण्यापासून मास्टवर चढवेपर्यंत

यागी, म्हणजे एका दिशेला जास्त जोर देणारा अँटेना, बनवायला अवघड अजिबात नाही; इथला २ मीटर बँडसाठी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हॅम (हौशी रेडिओ) बँडसाठी आहे. एक बूम (सळया धरणारा पाइप), तीन सळया (त्यांनाच एलिमेंट म्हणतात), एक केबल, संपलं. पण लोक नेमका चुकीच्या जागी वेळ घालवतात. एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात तो आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळले) १.१ का येत नाही म्हणून आठवडाभर डोकं खाजवतात आणि मग तोच अँटेना २० मीटर पातळ केबलला जोडून मिळवलेला बहुतेक गेन (एका दिशेला मिळणारा जास्तीचा जोर) केबलमध्येच जाळून टाकतात. म्हणून इथे मापं, जोडणी, केबल आणि बसवणं यावर जास्त लिहितोय, थिअरी कामापुरतीच.

अँटेनाचं पूर्ण नाव यागी-उदा. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली याच्यावरचं काम मांडलं, १९२८ मध्ये यागींचा इंग्रजी पेपर आला आणि जगभर फक्त त्यांचंच नाव चिकटलं. खरं तर प्रयोगांचं बरंचसं काम उदांचं होतं, असो.

आधी हे डोक्यात बसवा

तीन एलिमेंटपैकी केबल एकालाच जोडतात, मधल्याला, त्याला ड्रिव्हन एलिमेंट म्हणतात. मागचा रिफ्लेक्टर थोडा लांब, पुढचा डायरेक्टर थोडा आखूड, आणि या दोघांना वायर-बियर काही नसते. ड्रिव्हनच्या लहरींमुळे त्यांच्यात करंट तयार होतो आणि लांबी वेगळी असल्यामुळे त्या करंटची फेज पुढे-मागे सरकते, मग तिघांच्या लहरी पुढच्या बाजूला एकमेकींत मिसळून वाढतात आणि मागच्या बाजूला बऱ्यापैकी एकमेकींना मारतात. म्हणजे बीम कसा पडणार हे मुख्यतः त्या दोन न जोडलेल्या सळयांच्या लांबीवर आणि अंतरावर ठरतं. ड्रिव्हनची लांबी मुख्यतः फक्त मॅचिंगसाठी. म्हणून पहिला नियम असा की एसडब्ल्यूआर सुधारायला रिफ्लेक्टर किंवा डायरेक्टर कधीही कापायचा नाही. एसडब्ल्यूआर तर डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायचा, काहीच बाहेर न पाठवणारा रेझिस्टर) १:१ येतो, त्यावर कुणी बोलतं का?

अपेक्षाही सुरुवातीलाच नीट ठेवा. तीन एलिमेंटचा चांगला यागी साध्या डायपोलपेक्षा (एकाच एलिमेंटचा, मध्ये केबल जोडलेला अँटेना) साधारण ५ ते ६ डीबी (डेसिबल) जास्त देतो, म्हणजे १० वॅट पाठवले तर पुढच्याला ३०-४० वॅटसारखे ऐकू येतील. एस-मीटरवर (रेडिओवरचा, सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) हा फरक जेमतेम एक एस-युनिट. पण मागून आणि बाजूने येणारा गोंगाट कमी होतो, ऐकण्यातला हा फायदा मला तरी गेनपेक्षा मोठा वाटतो. आणि हो, ट्रान्समिट करायचं तर हॅम लायसन्स पाहिजेच, बनवून ठेवायला आणि मापायला काही अडचण नाही.

मापं

तरंगलांबी मीटरमध्ये हवी असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं. १४५ मेगाहर्ट्झला येते २.०६९ मीटर. त्याच्या निम्म्याच्या आसपास सगळी एलिमेंट असतात. ६ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची भरीव सळई धरून मी ही मापं घेतो:

रिफ्लेक्टर १०१५ मिमी
ड्रिव्हन टोकापासून टोकापर्यंत ९७० मिमी, मध्ये १० मिमी फट, म्हणजे प्रत्येक तुकडा ४८० मिमी (हा मुद्दाम लांब ठेवलाय, नंतर छाटायचाय)
डायरेक्टर ९२५ मिमी
रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन ४०० मिमी, ड्रिव्हन ते डायरेक्टर ४०० मिमी

सळई ६ मिमीची मिळाली नाही आणि ४ किंवा १० ची मिळाली तर हीच मापं तशीच वापरू नका. जाड सळई इलेक्ट्रिकली लांब वागते म्हणून थोडी आखूड लागते, पातळ असेल तर उलट. एमएमएएनए-गॅल किंवा फोरनेकटू सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जाडी टाकून एकदा बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात पॅटर्न (कुठल्या दिशेला किती जोर) पण दिसतो. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीसाठी करायचा असेल तर सगळं त्याच प्रमाणात बदलायचं, सळईच्या जाडीसकट, आणि लोक जाडीचंच विसरतात.

बूमचा घोळही इथेच समजून घ्या. सळई धातूच्या बूमला भोक पाडून आरपार घातली तर बूममधून गेलेला तिचा भाग नीट काम करत नाही आणि एलिमेंट इलेक्ट्रिकली आखूड होतं, मग भरपाई म्हणून लांबी वाढवावी लागते. २० मिमीच्या बूमवर, सळई बूमला टेकलेली असेल तर १४५ मेगाहर्ट्झला ही भरपाई साधारण ४-५ मिमी, प्लास्टिकच्या बुशमधून गेली असेल तर त्याच्या निम्मी. ऐकायला किरकोळ वाटतं पण रिफ्लेक्टर आणि डायरेक्टरमध्ये फरकच मुळात ९० मिमीचा आहे. म्हणून माझा सल्ला सरळ आहे, बूमला आरपार भोकं पाडूच नका, एलिमेंट बूमच्या वर प्लास्टिकच्या क्लॅम्पवर बसवा, मग भरपाई जवळपास विसरून चालतं. वरची मापं तशाच जोडणीसाठी आहेत.

सामान

बूमसाठी २० मिमीचा चौकोनी ॲल्युमिनियम पाइप, १.२ मीटर. चौकोनीच घ्या. गोल पाइपवर तिन्ही एलिमेंट एका पातळीत बसवताना जीव जातो, एक वर एक खाली होतं. पीव्हीसी पाइपचा बूम चालतो, पण तो उन्हात वाकतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो, त्यामुळे हातात धरून सॅटेलाइट ऐकायच्या अँटेनाला ठीक, कायमचा वर ठेवायला नको.

याशिवाय ६ मिमी सळई साधारण तीन मीटर, प्लास्टिक किंवा नायलॉनचे क्लॅम्प, ड्रिव्हनच्या मध्यासाठी पाणी न शिरणारी एक प्लास्टिकची डबी, पॅनेलवर बसणारा एन टाइप सॉकेट, हेअरपिनसाठी (मॅचिंगची यू आकाराची तार, पुढे येते) ३ मिमीची ॲल्युमिनियम तार, स्टेनलेसचे नट-बोल्ट-वॉशर, बूम आणि मास्ट (अँटेनाचा उभा खांब) जोडायला एक जाड ॲल्युमिनियमची प्लेट आणि दोन-तीन यू-बोल्ट. हत्यारं नेहमीचीच, हॅकसॉ, कानस, ड्रिल, सेंटर पंच, पाने, सोल्डरिंग गन. मोजायला स्टीलची पट्टी घ्या, शिंप्याची टेप नको. आणि नॅनोव्हीएनए (एसडब्ल्यूआर, रेझिस्टन्स वगैरे मोजणारं छोटं यंत्र) किंवा कुठलाही अँटेना ॲनालायझर, स्वतःचा नसेल तर ओळखीच्या हॅमकडून एक दिवस मागून आणा.

स्क्रू-बोल्टच्या बाबतीत कंजूषी करू नका. साधे लोखंडी बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात आणि मग अँटेना उघडायचा म्हणजे बोल्ट कापायचा. ॲल्युमिनियमला तांबं थेट लावणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार, दोन वेगळे धातू आणि वर पाणी म्हणजे तिथे बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढरी पावडर होऊन जातं. केबलची तांब्याची तार कथील चढवलेल्या लगमध्ये (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) सोल्डर करायची आणि लग व सळईच्या मध्ये स्टेनलेसचा वॉशर टाकायचा.

कापणं आणि जोडणं

सळया २ मिमी लांब कापा आणि कानशीने घासत मापावर आणा, टोकं गोल करा. अचूकता किती पाहिजे? १ मिमीच्या आत असलं की पुष्कळ झालं. १ टक्का लांबी बदलली की फ्रिक्वेन्सी साधारण १.४५ मेगाहर्ट्झ सरकते आणि इथे १ टक्का म्हणजे जवळपास १ सेंटीमीटर, त्यामुळे अर्ध्या मिमीसाठी रात्र जागवायची काही गरज नाही. पण प्रत्येक सळईवर मार्करने आर (रिफ्लेक्टर), डी१ (डायरेक्टर) वगैरे लिहून ठेवा, रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर लांबून सारखेच दिसतात आणि उलटे लागले तर अँटेना पाठमोरा काम करतो आणि तुम्ही केबलला शिव्या घालत बसता.

बूमवर मागच्या टोकापासून ३०० मिमीवर रिफ्लेक्टरची खूण, तिथून ४०० वर ड्रिव्हन, पुढे ४०० वर डायरेक्टर, आणि पुढे १०० मिमी रिकामा. मागचे ३०० मिमी का सोडले ते 'उभा की आडवा' या भागात कळेल. तिन्ही खुणा एकाच कडेवरून एकाच शून्यापासून मोजा, एका खुणेपासून दुसरी असं केलं की चूक साठत जाते. मग सेंटर पंच मारून भोकं पाडा, पंच मारला नाही तर ड्रिल घसरतंच.

सळईचा बरोबर मध्य बूमच्या मध्यरेषेवर आला पाहिजे. डावीकडे-उजवीकडे टोकापर्यंत मोजून बघा. तिन्ही बसल्यावर बूमच्या मागून एक डोळा मिटून बघायचं, तिन्ही सळया एका ओळीत झाकल्या गेल्या पाहिजेत.

रिफ्लेक्टर-डायरेक्टर बूमपासून इन्सुलेटेड असोत किंवा पक्के जोडलेले असोत, दोन्ही चालतं, कारण मध्यावर व्होल्टेज शून्याच्या जवळ असतं. फक्त अर्धवट नको. म्हणजे आज टेकतंय, उद्या गंज आला म्हणून सुटतंय, वाऱ्यात परत टेकतंय, असं झालं की रिसीव्हरमध्ये खरखर येते आणि मापं रोज वेगळी दिसतात. ड्रिव्हनचे दोन तुकडे मात्र बूमपासूनही आणि एकमेकांपासूनही इन्सुलेटेडच पाहिजेत, मध्ये डबी, डबीत १० मिमी फट.

हेअरपिन मॅच

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. अशा तीन एलिमेंटच्या यागीच्या ड्रिव्हनचा इम्पिडन्स (करंटला होणारा एकूण विरोध) ५० ओहम नसतो, शेजारी रिफ्लेक्टर-डायरेक्टर आल्यामुळे तो साधारण २५ च्या आसपास उतरतो. थेट ५० ओहमची केबल लावली तर एसडब्ल्यूआर २ च्या घरात. यावर गॅमा मॅच, फोल्डेड डायपोल असे बरेच उपाय आहेत, मला हेअरपिन आवडते कारण तिच्यात कपॅसिटर नाही, म्हणजे पाणी शिरून बिघडणारी वस्तूच नाही.

युक्ती अशी आहे. ड्रिव्हन रेझोनन्सपेक्षा (त्या फ्रिक्वेन्सीला बरोबर बसणाऱ्या लांबीपेक्षा) थोडा आखूड केला की तो कपॅसिटिव्ह होतो. तो इतका आखूड करायचा की रेझिस्टन्स २५ आणि रिॲक्टन्स (इम्पिडन्सचा कॉइल-कपॅसिटरसारखा वागणारा भाग, कपॅसिटरसारखा असला की मायनस) मायनस २५ व्हावा. मग फीडपॉइंटवर (केबल जोडतात तिथे) दोन्ही तुकड्यांच्या मध्ये ५० ओहम रिॲक्टन्सची एक कॉइल समांतर लावली की गणित बरोबर ५० ओहमवर बसतं. १४५ मेगाहर्ट्झला ५० ओहम म्हणजे ५५ नॅनोहेन्री, इतकी छोटी कॉइल गुंडाळण्यापेक्षा तार यू आकारात वाकवणं सोपं, तीच हेअरपिन. ३ मिमी तार, दोन पायांत ३० मिमी अंतर, लांबी साधारण ३ ते ५ सेंटीमीटरच्या मध्ये कुठेतरी बसते. सुरुवातीला पाय ७ सेंटीमीटर ठेवा आणि दोन्ही पायांवर सरकणारी एक शॉर्टिंग पट्टी लावा, ती मागे-पुढे करून जागा सापडली की तिथे पक्की करायची आणि पुढचं जास्तीचं कापायचं.

हेअरपिन बूमला समांतर ठेवा, पाय बूमच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. तिच्या बंद टोकाच्या बरोबर मध्यावर व्होल्टेज नसतं, म्हणून तो बिंदू स्क्रूने बूमला जोडता येतो, जोडाच. त्यामुळे ड्रिव्हनचे दोन्ही तुकडे डीसीसाठी अर्थ होतात आणि कोरड्या वाऱ्यात साठणारा स्थिर चार्ज निघून जातो. एक लक्षात ठेवा, हेअरपिन लावल्यावर मल्टिमीटरने केबलचा आतला आणि बाहेरचा पॉइंट तपासला तर तो शॉर्ट दाखवणार. बरोबरच आहे ते, डीसीला शॉर्ट आहे, १४५ मेगाहर्ट्झला नाही. हे माहीत नसल्यामुळे चांगले अँटेना उकलून परत जोडणारे लोक आहेत.

चोक

यागी बॅलन्स्ड आहे (दोन्ही बाजू सारख्या), कोॲक्स केबल (आत तार, बाहेर जाळी) तशी नाही. थेट जोडलं तर केबलच्या जाळीच्या बाहेरून करंट वाहतो, केबल स्वतःच अँटेना बनते, बीम वाकडा होतो आणि केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर हलतो. उपाय सोपा, तोच चोक: फीडपॉइंटच्या अगदी जवळ केबलचे ४-५ सेंटीमीटर व्यासाचे ३-४ वेढे शेजारी-शेजारी, गुंडाळीचा गोळा करू नका. किंवा व्हीएचएफला चालणाऱ्या फेराइटचे चार-पाच मणी केबलवर चढवा. फेराइट कुठल्या मिक्सचं आहे ते बघून घ्या, ४३ नंबर चालतं.

मापणं आणि छाटणं

नॅनोव्हीएनए आधी कॅलिब्रेट करा, ओपन-शॉर्ट-लोड, आणि ते केबलच्या त्या टोकाला करायचं जे अँटेनाला लागणार आहे. यंत्राच्या तोंडावर कॅलिब्रेट करून मध्ये तीन मीटर केबल लावली तर रेझिस्टन्स-रिॲक्टन्सचे आकडे सगळे फिरलेले दिसतात.

अँटेना कुठे ठेवून मापायचा? टेबलावर नाही, खोलीत नाही. मोकळ्या जागेत, बूम उभा, डायरेक्टर आकाशाकडे, रिफ्लेक्टर खाली जमिनीपासून मीटरभर वर, लाकडी स्टुलावर किंवा दोरीने टांगून. यागीच्या मागे फारसं काही जात नाही त्यामुळे जमिनीचा परिणाम कमी होतो. तुम्ही स्वतः पण लांब उभे राहा, माणूस म्हणजे पाण्याची टाकीच असते रेडिओच्या दृष्टीने.

पहिलं रीडिंग हेअरपिन न लावता घ्या. १४५ वर रेझिस्टन्स २० ते ३० च्या मध्ये दिसला तर मापं बरोबर बसलीत. आता ड्रिव्हन दोन्ही टोकांकडून सारखा थोडा-थोडा छाटत जा, एका वेळी प्रत्येक बाजूने २ मिमी, आणि रिॲक्टन्स मायनस २५ च्या आसपास येईपर्यंत चालू ठेवा. एकूण लांबी ९४५-९५० च्या जवळपास गेली पाहिजे. या क्षणी एसडब्ल्यूआर २.६ दिसेल. घाबरायचं नाही, २५ आणि मायनस २५ चा एसडब्ल्यूआर तेवढाच येतो. आता हेअरपिन लावा, पट्टी सरकवा, आणि बघताबघता एसडब्ल्यूआरच्या ग्राफमधला खड्डा खाली जातो.

खड्डा १४५ च्या खाली, समजा १४३ ला पडला तर ड्रिव्हन अजून थोडा लांब आहे. वर पडला तर जास्त कापला गेलाय, मग नवा तुकडा कापा, सळई स्वस्त आहे आणि डोकेदुखी महाग. खड्डा जागेवर आहे पण उथळ आहे तर पट्टी हलवा. ड्रिव्हन आणि हेअरपिन एकमेकांवर परिणाम करतात त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होणारच.

कुठे थांबायचं? १.५ ला. १.५ एसडब्ल्यूआरला ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के. १.५ वरून १.१ वर आणल्याने ऐकणाऱ्याला काहीही फरक कळत नाही. तिथे थांबा आणि डबी सील करा. डबीच्या तळाला मात्र ३ मिमीचं एक भोक ठेवा. शंभर टक्के सीलबंद डबीत पण दमट हवा असतेच, रात्री तिचं पाणी होतं आणि बाहेर जायला वाट नसली की आतच साठतं.

केबल

इथे हात सैल सोडा. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ मध्ये १०० मीटरला साधारण २० डीबी जातात, आरजी-२१३ मध्ये ९ च्या आसपास, एलएमआर-४०० मध्ये ५ च्या आसपास. २० मीटर केबल धरा. आरजी-५८ ने ४ डीबी गेले, म्हणजे १० वॅटपैकी अँटेनापर्यंत ४ वॅट पोचले, आणि ऐकतानाही तेवढंच नुकसान. एवढ्या मेहनतीने मिळवलेल्या ५-६ डीबीतले ४ असे गेले. एलएमआर-४०० ने १ च जातो. वर गंमत म्हणजे खराब केबलमुळे खालून मापलेला एसडब्ल्यूआर चांगला दिसतो, कारण परत येणारी पॉवरही वाटेत जिरते. त्यामुळे खाली १.२ दिसतोय म्हणून खूश होणाऱ्याने केबल किती खातेय तेही बघावं.

जाड केबल कडक असते, ती थेट डबीला लावून लटकवू नका, मीटरभर मऊ केबलचा तुकडा मध्ये टाका किंवा बूमला नीट बांधून घ्या. कनेक्टरवर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळायची, खालून वर, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी आत शिरत नाही, मग तिच्यावर साधी काळी टेप उन्हापासून वाचवायला. एन कनेक्टर मुळात पाण्याला टिकतो, पीएल-२५९ अजिबात नाही. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, पाणी तिथून ठिबकून जातं, नाहीतर केबलवरून चालत सरळ रेडिओपर्यंत येतं.

उभा की आडवा

वर चढवायच्या आधी हे ठरवा. एफएम रिपीटर (सिग्नल घेऊन परत पाठवणारी केंद्रं) आणि हातातले सेट उभ्या पोलरायझेशनवर (लहर उभी की आडवी ते) असतात, एसएसबी (आवाजाची एक पद्धत) आणि सीडब्ल्यूवाले (मोर्स) आडव्यावर. उलट-सुलट झालं तर प्रत्यक्षात २० डीबीपर्यंत नुकसान होतं, म्हणजे यागीचा सगळा फायदा जाऊन वर आणखी खड्डा. बहुतेक नवीन लोकांना रिपीटरच गाठायचा असतो, मग एलिमेंट उभी.

उभ्या जोडणीत एक मोठा खोडा आहे. मास्टही उभा, एलिमेंटही उभी, आणि धातूचा मास्ट एलिमेंटच्या मधून गेला तर तो स्वतःच एक एलिमेंट बनून पॅटर्नची वाट लावतो. म्हणूनच बूमला मागे ३०० मिमी सोडले होते, रिफ्लेक्टरच्या मागे मास्ट पकडायचा. हा अँटेना हलका आहे, मागून पकडला तरी झेपतो. लांब बूम असेल तर मास्टचा वरचा दीड-दोन मीटर भाग फायबरग्लासचा घ्यावा लागतो. केबलही ड्रिव्हनपासून सरळ खाली सोडू नका, बूमवरून मागे नेऊन रिफ्लेक्टरच्या पलीकडे मास्टला धरून उतरवा.

आडवा बसवायचा असेल तर हा त्रास नाही. केबल जोडलेल्या अँटेनाचा बूम बोटावर तोलून तोल साधेल तिथे प्लेट लावायची, मागचा जास्तीचा बूम कापला तरी चालतो.

वर चढवणं

सगळ्यात आधी विजेच्या तारा. मास्ट आणि अँटेना कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचता कामा नये, एकूण उंचीइतकं अंतर आणि वर पुरेसा फरक. हे जमत नसेल तर जागा बदला, यावर दुसरा मार्ग नाही. एकट्याने चढवू नका, वाऱ्याच्या दिवशी नको, पाऊस पडून गेल्यावर ओल्या छपरावर तर नकोच.

उंची किती? व्हीएचएफला जवळपास सरळ दिसेल तितकंच जातं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये येतं, १० मीटरला १३ किलोमीटर, समोरच्याचाही १० मीटरवर असेल तर दोन्ही मिळून २६. म्हणून डोंगरावरचा रिपीटर लांबून लागतो आणि शेजारच्या गावातला हॅम लागत नाही. एखादं एलिमेंट वाढवण्यापेक्षा समोरची भिंत किंवा झाड टाळून दोन मीटर वर जाणं बऱ्याचदा जास्त देतं.

मास्टला ४० मिमीच्या आसपासचा जस्त चढवलेला पाइप घ्या. तीन मीटरच्या वर गेला तर ताण (आधाराच्या दोऱ्या) द्या, तीन दिशांना १२० अंशावर, आणि खुंट्या मास्टपासून ताणाच्या उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर. ताणाला पॉलिएस्टरची दोरी चांगली, नायलॉन ताणला जातो आणि पॉलीप्रॉपिलीन उन्हात कुजते. लोखंडी तार असेल तर मध्ये इन्सुलेटर टाकून तुकडे करा. यू-बोल्ट दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून कसा, स्प्रिंग वॉशर विसरू नका, आणि स्टेनलेस नटाला थोडं अँटी-सीझ लावा नाहीतर पुढच्या वेळी नट बोल्टसकट फिरतो.

रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) लावणार असाल तर केबलला त्याच्याभोवती पूर्ण फेरा होईल इतका सैल झोल ठेवा आणि दोन्ही टोकांपर्यंत एकदा फिरवून बघा, सैल झोल नसला की पहिल्याच आठवड्यात कनेक्टर उपटला जातो. रोटेटर नसेल तर रिपीटरकडे तोंड करून पक्का करा. या अँटेनाचा आडवा असतानाचा बीम ६० अंशांच्या आसपास रुंद असतो, उभा केला तर त्याहून रुंद, त्यामुळे १०-१५ अंश इकडे-तिकडे झालं तर काही बिघडत नाही. दिशा मोबाईलच्या कंपासवर बघताना लोखंडी मास्टपासून दोन-चार मीटर लांब उभे राहा.

अर्थिंग

मास्टला जाड तांब्याची तार किंवा पट्टी, सरळ खाली, काटकोनात न वळवता, अर्थ रॉडपर्यंत. केबल घरात शिरते तिथे गॅस डिस्चार्ज अरेस्टर (केबलवर आलेली वीज जमिनीत वळवणारा भाग), त्याचाही अर्थ तिथेच. आणि हा रॉड इमारतीच्या मूळ अर्थिंगला जोडलेलाच पाहिजे. दोन वेगळे अर्थ ठेवले तर वीज जवळ पडल्यावर दोघांत प्रचंड व्होल्टेज तयार होतं आणि ते रेडिओतून वाट काढतं. थेट वीज पडली तर अरेस्टर फार काही वाचवत नाही, तो आजूबाजूच्या विजेसाठी आहे. म्हणून ढग जमण्याची चिन्हं दिसली की केबल काढून घराबाहेर ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही.

वर गेल्यावर

परत एसडब्ल्यूआर घ्या. थोडा सरकलेला दिसेल, चालतं. खूप बदलला तर बहुतेक कनेक्टर, नाहीतर जवळच एखादा धातूचा पत्रा आहे.

मग लांबचा, नेहमी चालू असणारा एखादा सिग्नल धरा, बीकन किंवा रिपीटर, आणि अँटेना फिरवून बघा. समोर आणि मागे १५ डीबीच्या आसपास फरक पडला पाहिजे, म्हणजे दोन-अडीच एस-युनिट. एफएम सेटच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, त्यातले बरेचसे तीन-चार रेघांत संपतात, सिग्नल इतका कमजोर निवडा की मीटर टोकाला चिकटणार नाही. फरकच पडत नसेल तर संशयित तीनच, चोक नाही, मास्ट एलिमेंटमधून गेलाय, किंवा भिंतींवरून येणारं परावर्तन. मागूनच जास्त येत असेल तर मार्करने लिहिलेली अक्षरं परत एकदा वाचा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं, ते याच अँटेनावर छान ऐकू येतं. रोटेटर नसताना सॅटेलाइटही ऐकायचे असतील तर बूम १५-२० अंश वर झुकवून बसवा, जमिनीवरच्या कामात फारसं काही जात नाही.

ट्रान्समिट करताना अँटेनासमोर कुणी उभं राहता कामा नये. ५० वॅट आणि हा गेन मिळून पुढच्या दिशेला साध्या डायपोलच्या हिशेबाने १५०-२०० वॅटची ताकद होते, म्हणून अँटेना माणसांच्या डोक्याच्या बऱ्यापैकी वर ठेवा आणि कुणाच्या खिडकीच्या समोर रोखू नका.

बसवल्याच्या दिवशी १४४ ते १४६ पर्यंतचा एसडब्ल्यूआरचा ग्राफ सेव्ह करून ठेवा, फोटो काढला तरी चालेल. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तो परत काढून शेजारी ठेवून बघा. खड्डा खाली सरकलाय तर डबीत पाणी किंवा एलिमेंटवर काही लोंबकळतंय, ग्राफ सगळीकडे सपाट आणि छान दिसायला लागलाय तर केबलमध्ये पाणी शिरलंय, आणि ग्राफ वाऱ्याबरोबर उड्या मारतोय तर पाना घेऊन वर जा, कुठला तरी नट सैल झालाय.